पानं पिवळी, दुखणं बुंध्याशी: अंगणातल्या फळझाडांचे रोग ओळखायचे कसे, आवरायचे कसे

पुण्यात सहकारनगरच्या आमच्या घरामागे वडिलांनी लावलेलं एक कागदी लिंबू होतं. शेजारच्या चार घरांना वाटून उरतील एवढी लिंबं ते द्यायचं. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो म्हणून आम्ही मुरूम टाकून जमीन वीतभर उंच केली आणि वर फरशा घातल्या. खोडाभोवती एक लहानसा चौकोन तेवढा मोकळा ठेवला आणि रोज संध्याकाळी त्यात पाइप सोडत राहिलो. दीडेक वर्षानं पानं पिवळी पडू लागली. मी दुकानात जाऊन "लिंबू पिवळं पडतंय" एवढंच सांगितलं आणि मिळालेली बाटली फवारली. पुढच्या महिन्यात दुसरी. दोन पावसाळे असेच गेले. शेवटी झाड वाळलं. ते काढताना माळीकाकांनी बुंध्याभोवतीची माती बाजूला केली, तेव्हा मुरमाखाली गाडली गेलेली साल पार कुजलेली दिसली. बोटानं ओढली तरी सुटून येत होती. तो डिंक्या होता, म्हणजे साचलेल्या ओलीनं बुंध्याची साल कुजवणारा रोग. पानांना स्वतःचा असा काही रोगच नव्हता. खाली काय चाललंय ते ती सांगत होती आणि मी त्यांच्यावरच औषध मारत होते.

तेव्हापासून मी एक क्रम पाळते. आधी बघायचं, मग पाणी आणि माती सुधारायची, मग कात्री चालवायची आणि तरीही गरज उरली तरच फवारा हातात घ्यायचा. घरामागे दोन-चार झाडं असणाऱ्यांना हा क्रम शेतकऱ्यापेक्षाही सोपा जातो, कारण आपल्याला रोज त्या झाडापाशी उभं राहता येतं.

आधी हे ठरवा: हा आजार आहे की झाडाचा स्वभाव?

आंब्याची नवी पालवी तांबूस आणि लोंबती येते. ती वाळलेली नाही, आठ-पंधरा दिवसांत हिरवी होते. सीताफळ आणि अंजीर थंडीत पानं टाकतात; जानेवारीत सीताफळाचा नुसता सांगाडा दिसला म्हणून पाण्याचा मारा करू नका, त्या झाडाची ती झोप आहे. लिंबू आणि पेरूची आतली जुनी पानं थोडी थोडी वर्षभर गळतात. आंब्याला बाजरीएवढ्या कैऱ्या शेकड्यांनी लागतात आणि बहुतेक गळतात, कारण सगळ्या पोसणं कुठल्याच झाडाला शक्य नसतं. खोडावर करड्या-हिरवट खपल्यांसारखं दिसणारं दगडफूलही झाडाला त्रास देत नाही. ते खरवडताना साल दुखावते, म्हणून त्याला हात लावू नये.

बांडगुळाचं तसं नाही. आंब्याच्या फांदीवर वेगळ्याच पानांचा दाट झुबका दिसला, तर ते बांडगूळ असतं. फुलचुखीसारखे पक्षी त्याची चिकट बी फांदीवर टाकतात, मग त्याची मुळं लाकडात शिरतात आणि पुढची फांदी उपाशी राहते. नुसती पानं ओरबाडून ते जात नाही. त्याला फळं धरायच्या आत, ते जिथे बसलंय त्याच्या बरंच खालून फांदी कापावी लागते.

दहा मिनिटांची तपासणी, खालून वर

आपली नजर सवयीनं पानांकडे जाते. तुम्ही जमिनीपासून सुरुवात करा.

बुंध्याजवळची माती चार बोटं बाजूला करा. खोड जमिनीत शिरताना थोडं रुंदावत गेलेलं दिसायला हवं. ते खांबासारखं सरळ आत जात असेल, तर खोडावर माती चढली आहे. कलमी झाड असेल तर कलमाचा जोड शोधा, तो मातीच्या वर असला पाहिजे. सालीवर ओला तपकिरी पट्टा, डिंकाचे थेंब किंवा आंबूस वास आहे का ते बघा. नखानं साल जराशी खरवडा. आत हिरवट-पांढरं असेल तर ती जागा जिवंत आहे, तपकिरी असेल तर मेलेली.

मग खोडावर या. छोटी भोकं, त्यातून पडलेला लाकडाचा भुसा किंवा चघळलेल्या चोथ्यासारखी विष्ठा दिसली, तर आत भिरूड म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर ती कुठे जाते ते शेवटपर्यंत बघा. मुंग्या विनाकारण झाडावर जात नाहीत. वर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असतो आणि त्याचा गोड चिकटा त्यांना हवा असतो.

आता पानं. इथे तीन प्रश्न विचारायचे. पहिला: बिघडलेली पानं जुनी आहेत की शेंड्याची नवी? खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील तर लोह मिळत नाहीये. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत हे फार दिसतं. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. नवी पानं बारीक, अरुंद राहिली आणि शिरांमध्ये पिवळे पट्टे आले तर जस्त कमी आहे. दुसरा: एकच फांदी की सगळं झाड? एक फांदी वाळते तेव्हा दोष त्या फांदीत किंवा तिला पोसणाऱ्या मुळात असतो. सगळं झाड एकदम मलूल होतं तेव्हा दोष बुंध्यात किंवा पाण्यात असतो. तिसरा: डाग पानाच्या दोन्ही अर्धांवर सारखे आहेत का? अन्नाची कमतरता सहसा दोन्ही बाजूंना सारखी दिसते, रोगाचे डाग वेडेवाकडे विखुरतात.

शेवटी पान उलटं करा. ही सवय एकदा लागली की निम्मे रोग तिथेच सापडतात. खाली तांबूस भुकटी असेल तर तांबेरा. पांढरी पावडर बोटाला लागली तर भुरी. वरच्या बाजूची काळी काजळी ओल्या कापडानं पुसून निघाली तर तो पानाचा रोगच नाही, किडीच्या चिकट्यावर वाढलेली बुरशी आहे, म्हणजे शोध किडीचा घ्यायचा. पान उजेडासमोर धरल्यावर डाग तेलकट, अर्धपारदर्शक दिसला तर जिवाणूचा संशय घ्या. पान पिवळं-हिरवं चट्ट्यापट्ट्याचं आणि आक्रसलेलं असेल, भुकटी नाही की कीड नाही, तर विषाणू.

मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि आठ दिवसांनी त्याच पानाचा पुन्हा काढा. डाग वाढतोय की तिथेच थांबलाय, हे कळलं की निम्मी घाई आपोआप कमी होते.

पाणी आणि माती: पुण्यातल्या अंगणाचं खरं दुखणं

पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या अंगणात वर आणून टाकलेली माती, मध्ये बांधकामाचा राडारोडा आणि खाली काळा पाषाण किंवा मुरूम असा प्रकार असतो. पावसाळ्यात पाणी खाली मुरत नाही, मुळं कोंडतात. उन्हाळ्यात तीच जागा तव्यासारखी तापते. माझ्या पाहण्यातली जास्तीत जास्त अंगणातली झाडं बुरशीच्या आधी या पाण्यानं आजारी पडलेली असतात.

म्हणून आधी आळं सुधारा. खोडाला लागून पाणी साचता कामा नये. खोडाभोवती हातभर जागा उंच आणि कोरडी ठेवा, तिला मातीचा छोटा बांध घाला आणि त्याच्या बाहेर, फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत दुसरं आळं करा. पाणी आणि खत फक्त बाहेरच्या आळ्यात. बागायतदार याला दुहेरी आळे म्हणतात. पाणी पिणारी बारीक मुळं तिथेच असतात. मोठ्या झाडाला रोज शिंतोडे देण्यापेक्षा उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर द्या. मातीत बोट दोन पेरं घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पावसाळ्यात बांध फोडून पाण्याला वाट काढून द्या.

खोडाला भिडलेल्या फरशा, पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंटचा कट्टा असेल तर निदान दोन हात व्यासाची जागा मोकळी करून घ्या. याला खर्च येतो, घरात वादही होतात, पण या एका कामानं झाडं वाचताना मी पाहिली आहेत. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर पानांचे शेंडे आणि कडा करपतात. अशा वेळी शक्य तेवढं पावसाचं किंवा महापालिकेचं पाणी द्या आणि आळ्यात कुजलेलं शेणखत, पालापाचोळा टाकत राहा. लोह कमी असलेल्या झाडालाही हेच आधी, चिलेटेड म्हणजे झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातल्या लोहाची फवारणी नंतर.

शेणखतातून ट्रायकोडर्मा देणं स्वस्त आणि बिनधोक आहे. ही मातीतल्या रोगट बुरशीला आवरणारी मित्रबुरशी. ओलसर शेणखतात ती मिसळून सात-आठ दिवस सावलीत गोणपाटाखाली झाकून ठेवा आणि मग मुळांच्या पट्ट्यात मिसळा. मात्र त्याच काळात आळ्यात तांब्याचं कुठलंही औषध ओतू नका. ते चांगल्या बुरशीलाही मारतं.

कात्री आणि सफाई

मेलेली, रोगट, एकमेकींवर घासणारी फांदी काढली की झाडाच्या पोटात ऊन आणि वारा शिरतो. बुरशीला ओलावा लागतो. पान लवकर सुकलं की तिचा जोर निम्मा होतो. कोरड्या दिवशीच छाटा. रोगट भागाच्या खाली वीतभर निरोगी लाकडासह कापा आणि प्रत्येक कापानंतर सिकेटरची पाती स्पिरिटनं पुसा. लिंबाचा खैऱ्या आणि डाळिंबाचा तेल्या हे जिवाणूंचे रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याचं काम पुष्कळदा आपलीच कात्री करते. अंगठ्याहून जाड कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा, ती कशी करायची ते पुढे सांगते.

गळलेली फळं आणि पानं रोज उचलायची. ती सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात टाकू नका, तिथली उष्णता रोग मारायला पुरेलच असं नाही. शहरात पालापाचोळा जाळायलाही बंदी आहे. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पंधरा दिवस कडक उन्हात ठेवा, मग ओल्या कचऱ्यात द्या. किडकी फळं दोन फूट खोल पुरली तरी चालतं.

एक कायद्याची गोष्ट. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाड आपल्या अंगणात असलं तरी ते तोडायला महापालिकेची परवानगी लागते. मोठ्या फांद्यांची छाटणी करायचीय तर आधी उद्यान विभागात विचारून घ्या.

बोर्डो: घरी करायचं एकच बुरशीनाशक

अंगणातल्या माणसाला एकच बुरशीनाशक शिकायचं असेल तर हे शिका. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षांसाठी ते आलं आणि आजही बागायतदार त्यावर विसंबतात. मोरचूद आणि कळीचा चुना एवढंच लागतं.

दहा लिटर एक टक्का मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना घ्या. मोरचूद कापडात बांधून रात्रभर ५ लिटर पाण्यात लटकवा. भांडं प्लास्टिकचंच हवं, धातूचं भांडं मोरचूद खातो. चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्यात विझवा. तो उकळ्या फुटल्यासारखा तापतो, तेव्हा चेहरा लांब ठेवा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. थंड झाल्यावर पाणी घालून ५ लिटर करा आणि गाळा. आता मोरचुदाचं पाणी बारीक धारेनं चुन्याच्या पाण्यात ओतत काठीनं ढवळत राहा, उलटं करू नका. आकाशी निळं मिश्रण तयार होईल. त्यात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे आणि तो पानं जाळेल; थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासा. खिळा स्वच्छ राहिला की मिश्रण तयार. त्याच दिवशी वापरा, उरलं तर ठेवू नका. फुलांवर आणि अगदी कोवळ्या पालवीवर मारू नका, दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळू नका.

पेस्टसाठी तेच १०० आणि १०० ग्रॅम फक्त एक लिटर पाण्यात. ती ब्रशनं खोडाला जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत लावायची, एकदा मेअखेर आणि एकदा पाऊस ओसरल्यावर. एवढा खटाटोप जमणार नसेल तर दुकानात कॉपर ऑक्सिक्लोराइड मिळतं, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम.

आता एकेक झाड

लिंबू. आधी डिंक्या. बुंध्याशी ओली तपकिरी साल आणि डिंक दिसला की त्याच दिवशी माती मागे ओढा. धारदार चाकूनं कुजलेली साल निरोगी कडेपर्यंत काढा, पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यानं जखम धुवा, दिवसभर सुकू द्या आणि बोर्डो पेस्ट लावा. खोडाच्या घेराच्या निम्म्याहून कमी साल गेली असेल तर झाड बहुधा वाचतं. पाण्याची सवय बदलली नाही तर मात्र पुढच्या पावसाळ्यात रोग परत येतो.

खैऱ्या ओळखायला सोपा: पानाच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारे खरबरीत, बुचासारखे डाग, भोवती पिवळं वलय, तसेच डाग फांद्यांवर आणि फळांवर. हा जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडतो आणि नागअळीनं पानात काढलेल्या रुपेरी वळणदार बोगद्यांतून आत शिरतो. म्हणून नव्या पालवीवर नागअळी दिसली की निंबोळी अर्क मारा. उन्हाळ्याच्या शेवटी रोगट फांद्या काढा. पहिल्या पावसाच्या आधी एकदा आणि पावसाळ्यात उघडीप बघून महिन्याला एकदा बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड. डाग सालीपुरते असतात, लिंबू खायला चालतं. नवं झाड लावणार असाल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात विचारा, ती खैऱ्याला बऱ्यापैकी तोंड देते.

पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही हलताना दिसलं तर ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की हिरवी होते. झाड मोठं असेल तर मी तिला राहू देते. रोपटं असेल तर उचलून बाजूला करते, कारण दोन अळ्या दोन दिवसांत रोपाची पानं संपवतात.

आंबा. पुण्यात मोहोर डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत येतो आणि सगळी लढाई तेव्हाच होते. झाडाखाली उभं राहिल्यावर टिचक्यांसारखा आवाज येत असेल आणि पानं मध लावल्यासारखी चिकट असतील तर तुडतुडे आहेत. मोहोरावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर भुरी, काळे ठिपके पडून मोहोर करपत असेल तर करपा. तुडतुड्यांसाठी मोहोर फुटायच्या आधीपासून निंबोळी अर्क. भुरीसाठी बोंगे म्हणजे मोहोराचे कोंब उमलायच्या सुमारास पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, सकाळच्या थंड वेळी. ऊन तापल्यावर गंधक पानं भाजतं. मोहोर पूर्ण फुललेला असताना काहीही फवारू नका. आंब्याचं परागीकरण माश्या करतात, त्यांना मारलं तर फळं कुठून येणार?

मोहोराच्या जागी फुलकोबीसारखा जाड, हिरवट गुच्छ आला तर ती विकृती आहे. त्यातून फळ येत नाही. हातभर निरोगी फांदीसह कापून टाका. भिरुडाच्या भोकात सायकलच्या तारेसारखी बारीक तार घालून अळी टोचून काढा आणि भोक ओल्या चिखलानं बंद करा. आठवड्यानं बघा, ताजा भुसा पडला असेल तर पुन्हा करा.

फळमाशीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आंबा आणि पेरू दोघांनाही तिचा त्रास आहे. बाहेरून देखणं फळ कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. माशी पिकू लागलेल्या फळात अंडी घालते, अळ्या फळाबरोबर जमिनीवर पडतात, मातीत शिरून कोष करतात आणि नव्या माश्या बाहेर येतात. एकदा अळी आत शिरली की कुठल्याही फवाऱ्याचा उपयोग नाही. ही साखळी तोडायची ती दोन ठिकाणी. गळलेलं फळ रोज उचलून झाडाखालची माती अधूनमधून वरवर हलवायची, म्हणजे कोष उन्हात आणि साळुंक्यांच्या चोचीत येतात. आणि मिथाइल युजेनॉल या नर माश्यांना ओढणाऱ्या वासाच्या द्रव्याचा सापळा लावायचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा याच तत्त्वावर चालतो. त्यात फक्त नर अडकतात, म्हणून तो फळं पिकायच्या दीड-दोन महिने आधी लावावा लागतो. शेजारच्या दोन-तीन घरांनीही लावला तर फरक खूप मोठा पडतो. चार-पाच खास फळांना कागदी किंवा कापडी पिशवी बांधणं हा तर सर्वांत पक्का उपाय.

पेरू. पुणेकरांच्या अंगणातला सरदार म्हणजे लखनौ ४९ हा पेरू १९२७ मध्ये इथेच, गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात निवडला गेला, तेव्हा तो आपल्या मातीतलाच म्हणायचा. त्याच्या हिरव्या फळांवर तपकिरी, खरबरीत पुटकुळ्या आल्या तर त्याला देवी रोग म्हणतात. तो सालीपुरता असतो आणि फळं लहान असताना तांब्याची एक फवारणी पुरते. खरा घात मर रोगाचा. पावसाळ्यानंतर एकेका फांदीची पानं पिवळी, निस्तेज होऊन वळतात आणि काही महिन्यांत झाड उभ्याउभ्या वाळतं. एखादीच फांदी गेली असेल तेव्हा ती कापा, निचरा सुधारा, ट्रायकोडर्मा द्या. सगळं झाड गेलं तर परत येत नाही.

डाळिंब. पानांवर आणि फळांवर तेलाच्या थेंबासारखे डाग, मग फळाला चांदणीसारख्या भेगा, तो तेल्या. दमट हवेत तो वणव्यासारखा पसरतो. घरच्या झाडासाठी माझा सल्ला असा की पावसाळ्यात फळं धरण्याचा मोहच सोडा. ऑगस्टपर्यंत आलेली फुलं काढा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हस्त बहाराची फळं ठेवा. ती कोरड्या हवेत वाढतात. फळावर नुसतं भोक आणि विष्ठा असेल तर ती सुरसा अळी. फळ लिंबाएवढं झालं की पिशवी बांधली की मिटलं.

अंजीर. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं पुरंदरचं अंजीर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर पिकतं, त्यामुळे अंगणातही ते चांगलं येतं. त्याचा मोठा शत्रू तांबेरा. पावसाळ्याच्या शेवटी पान उलटलं की गंजासारखी भुकटी दिसते, पानं अवेळी गळतात आणि फळं पोसत नाहीत. पडलेलं प्रत्येक पान उचला, गर्दीच्या फांद्या विरळ करा, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं बोर्डो मारा.

पपई. पानं पिवळी-हिरवी, सुतळीसारखी बारीक, देठांवर तेलकट रेषा, फळांवर वलयं. हा रिंगस्पॉट विषाणू आहे आणि त्याला औषध नाही. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. दुःख होतं, पण झाड त्याच आठवड्यात काढा, नाहीतर शेजारची पपईही जाईल. भोपळा, काकडीचे वेल पपईजवळ लावू नका, त्यांच्यावरही हा विषाणू राहतो. पपईचा बुंधा पाण्यानं लगेच सडतो, तेव्हा ती नेहमी उंचवट्यावर लावा.

सीताफळ. इथे पिठ्या ढेकूणच मुख्य. फळाच्या खाचांत कापूस भरल्यासारखा दिसतो. आधी मुंग्या थांबवा: खोडाभोवती प्लास्टिकची वीतभर रुंद पट्टी घट्ट बांधा, तिला ग्रीस लावा आणि झाडाला टेकलेल्या भिंती, दोऱ्या, फांद्या तोडा. मुंग्यांचा पहारा उठला की मित्रकीटक आपलं काम करतात. त्यातल्या एका लेडीबर्डची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, केसाळ दिसते, पण ती भराभर चालते आणि तिचे मेणाचे धागे लांब असतात. तिला मारू नका, तीच ढेकूण खाते. उरलेल्या ढेकणांवर सौम्य द्रव साबणाचं पाणी, लिटरला ५ मिली, जोरात मारा. आधी एका फांदीवर करून दोन दिवस वाट बघा. पानं भाजली नाहीत तर बाकी झाड.

निंबोळी अर्क आणि दुकानातली बाटली

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या सुरुवातीला कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं पिळून गाळा, थोडा साबण घाला आणि त्याच संध्याकाळी फवारा. सूर्यप्रकाशात त्याचा गुण लवकर जातो. हा अर्क किडींवर चालतो. खैऱ्या किंवा मर रोगावर त्याची आशा धरू नका.

रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. घराच्या भिंतीला लागून, जिथे मुलं खेळतात आणि दोरीवर कपडे वाळतात, तिथे लाल-पिवळा त्रिकोण येता कामा नये असं माझं ठाम मत आहे. लेबलवर त्या पिकाचं नाव आहे का आणि फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचं हे वाचा. हातमोजे, मास्क, वारा नसलेली संध्याकाळ. माणसाची प्रतिजैविकं झाडावर फवारण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

निदान जमत नसेल तर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राचे जाणकार आहेत. नमुना नेताना पूर्ण वाळलेलं पान नेऊ नका. रोग जिथे सुरू होतोय अशी तीन-चार पानं, थोडी निरोगी पानं, बुंध्याच्या सालीचा तुकडा आणि मुळांजवळची मूठभर माती कागदी पिशव्यांत वेगवेगळी न्या. प्लास्टिकमध्ये पानं घामेजून कुजतात. पाणी किती आणि कुठे देता, जमीन अलीकडे उकरली किंवा भरली का, हे लिहूनच न्या, कारण समोरचा माणूस सगळ्यात आधी तेच विचारेल.

आमच्या त्या लिंबाच्या खड्ड्यातली कुजकी मुळं हाताला लागली तेवढी काढली, खड्डा पूर्ण उन्हाळा उघडा ठेवला आणि वर्षभर तिथे काहीच लावलं नाही. नंतर लिंबाऐवजी सीताफळ लावलं, कारण त्याच जागी त्याच जातीचं रोप लगेच लावलं की मातीतला रोग त्याची वाटच बघत असतो. नवं लिंबू भिंतीकडे सहा फूट सरकवून, वीतभर उंचवट्यावर लावलंय. कलमाचा जोड मातीच्या चार बोटं वर आहे आणि दर रविवारी मी तो बोटं लावून मोजते.